विद्यार्थ्यांच्या नोंदी आणि सरोवराचे पुनरुज्जीवन : वॉशिंग्टन सरोवराचा इतिहास (१९३३–१९७६)

उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्याला एखाद्या जलाशयावर पाठवावे, त्याने काही आठवडे पाण्याचे नमुने घ्यावेत, त्यांचे पृथक्करण करावे आणि विद्यापीठ पुन्हा सुरू होताच पंधरा-वीस पानांचा वृत्तान्त विभागाला सादर करावा, ही पद्धत आता बऱ्याच विद्यापीठांत रूढ झाली आहे. या उपक्रमाने विद्यार्थ्याचे शिक्षण होते, याविषयी फारसा मतभेद नाही. परंतु त्या जलाशयाला त्याचा काही उपयोग होतो काय, असा प्रश्न कोणी केला तर उत्तर देताना आपण अडखळतो. सहा-आठ आठवड्यांच्या कामातून बिघडलेले सरोवर सुधारत नाही, हे उघडच आहे. मग कपाटात जमा होणाऱ्या या वृत्तान्तांचे प्रयोजन काय?

या प्रश्नाचे उत्तर तत्त्वचर्चेपेक्षा इतिहासात अधिक स्पष्ट सापडते. अमेरिकेच्या वायव्य टोकाला सिअॅटल शहराला लागून असलेल्या वॉशिंग्टन सरोवराचे पुनरुज्जीवन ही विसाव्या शतकातील सरोवरविज्ञानाची एक प्रसिद्ध घटना होय. तिची कथा सांगताना बहुधा मोठे नळ, शुद्धीकरण केंद्रे, मतदान आणि खर्च यांचाच उल्लेख होतो. प्रस्तुत लेखात त्याच घटनेकडे दुसऱ्या बाजूने पाहावयाचे आहे. ज्या मोजमापांच्या आधारावर हे सरोवर वाचले, त्यांपैकी सर्वांत मोलाची मोजमापे विद्यार्थ्यांनी केलेली होती. आणि ती करताना सरोवर वाचविण्याचा हेतू त्यांच्या मनात नव्हता. असे असूनही ती उपयोगी पडली. ती का उपयोगी पडली, हे समजून घेणे हाच या लेखाचा विषय आहे.

१. उन्हाळी संशोधनाची परंपरा

सरोवराच्या अभ्यासाचा आणि उन्हाळी सुट्टीचा संबंध जुना आहे. अमेरिकेत त्याचे ठळक उदाहरण म्हणजे विस्कॉन्सिन विद्यापीठ. एडवर्ड बर्ज व चॅन्सी ज्यूडे या दोघा संशोधकांनी प्रथम मॅडिसन शहराजवळील मेंडोटा सरोवराचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि १९२५ साली त्या राज्याच्या उत्तर भागात ट्राउट सरोवराच्या काठी उन्हाळी संशोधन केंद्र उघडले. तेथे दर उन्हाळ्यात सहकारी व विद्यार्थी यांचा मेळा जमे. होडी, नमुने घेण्याची बाटली, तापमापक आणि पाण्याची पारदर्शकता मोजण्याची सेकीची पांढरी तबकडी एवढ्याच साधनांनी या मंडळींनी पुढील दीड दशकात पाचशेहून अधिक सरोवरांची पाहणी केली.

या मेळाला केवळ सुट्टीची सोय कारणीभूत नव्हती. शीत कटिबंधाकडील खोल सरोवरांत उन्हाळा हा निर्णायक काळ असतो. सूर्याच्या उष्णतेने वरचे पाणी तापते, हलके होते आणि खालच्या थंड, जड पाण्यावर झाकणासारखे पसरून राहते. खालच्या थराचा हवेशी संबंध तुटतो. वर वाढलेले शैवाल मरून खाली बसते, तेथे कुजते, आणि कुजण्याच्या क्रियेत खालच्या पाण्यातील प्राणवायू खर्च होत जातो. शरद ऋतूत दोन्ही थर पुन्हा मिसळेपर्यंत ही तूट भरून निघत नाही. म्हणून उन्हाळ्यात खालच्या थरातील प्राणवायू कोणत्या गतीने घटतो हे मोजले, की वर किती शैवाल निर्माण होत आहे याचा चांगला अंदाज बांधता येतो. विद्यार्थ्याची सुट्टी आणि सरोवराच्या परीक्षेचा काळ असे एकत्र येत असल्यामुळे उन्हाळी अभ्यासाला प्रारंभापासून शास्त्रीय आधार लाभला.

दुसरे केंद्र येल विद्यापीठाचे. तेथे जी. ईव्हलिन हचिन्सन यांच्या भोवती तरुण अभ्यासकांची पिढी घडली. हचिन्सन १९३२ साली येल विद्यापीठाच्या उत्तर भारत मोहिमेबरोबर जीवशास्त्रज्ञ म्हणून लडाखकडे गेले होते आणि तेथील उंच पठारावरील सरोवरांतून त्यांनी पुष्कळ नमुने आणले. त्या मोहिमेत जमा झालेल्या रोटिफर या सूक्ष्म जीवांवरील अहवाल १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत हचिन्सन यांच्याबरोबर डब्ल्यू. टी. एडमंडसन हे नाव आढळते. १९१६ साली जन्मलेले एडमंडसन शाळेत असतानाच हचिन्सन यांच्या प्रयोगशाळेत येऊ लागले होते. हिमालयापलीकडील पाण्यातील जीवांची ओळख पटवीत ज्याचे शिक्षण सुरू झाले, तोच विद्यार्थी पुढे वॉशिंग्टन सरोवराचा भाष्यकार ठरला. विद्यार्थिदशेत केलेले काम गंभीरपणे घेतले जाते, हा अनुभव त्यांना कोवळ्या वयातच आला होता. १९४९ साली ते सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात प्राणिशास्त्राचे अध्यापक म्हणून रुजू झाले.

२. शहर आणि सरोवर

वॉशिंग्टन सरोवर उत्तर-दक्षिण पसरलेले असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८८ चौरस किलोमीटर आहे. त्याची सरासरी खोली सुमारे ३३ मीटर, तर कमाल खोली ६५ मीटरच्या आसपास आहे. सिअॅटल शहर त्याच्या पश्चिमेस वसले. सरोवराच्या नैसर्गिक रचनेत मनुष्याने केलेला पहिला मोठा फेरफार १९१६ सालचा. समुद्राशी जोडणारा जहाजांचा कालवा त्या वर्षी खोदून पूर्ण झाला आणि सरोवराची पातळी सुमारे पावणेतीन मीटरांनी उतरली. त्यामुळे दक्षिणेकडून बाहेर पडणारी ब्लॅक नदी कोरडी पडली आणि तिच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ड्वामिश लोकांचा आधार तुटला. सीडर नदीचा प्रवाह सरोवरात वळविण्यात आला. पर्वतांतून येणारे हे स्वच्छ पाणी पुढे सरोवराच्या सुधारणेला साह्यभूत ठरले, हे येथेच नमूद केले पाहिजे.

शहराचे मलजल प्रारंभी थेट सरोवरात सोडले जाई. रोगराईच्या भीतीने १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते बहुतांशी समुद्राकडे वळविण्यात आले आणि प्रश्न सुटला असे वाटले. १९४० साली सरोवरावर तरंगता पूल झाला. पूर्व किनाऱ्यावर वस्ती वाढू लागली. महायुद्धानंतर तर उपनगरांची रांगच उभी राहिली. या उपनगरांनी आपापली शुद्धीकरण केंद्रे बांधली आणि शुद्ध केलेले पाणी सरोवरात सोडण्यास आरंभ केला. १९४१ पासून पुढील बारा-तेरा वर्षांत अशी दहा केंद्रे सुरू झाली. १९६२ पर्यंत त्यांतून दररोज सुमारे ७६,००० घनमीटर पाणी सरोवरात येत होते.

या ठिकाणी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ही केंद्रे निकृष्ट नव्हती. त्या काळच्या मान्य पद्धतीप्रमाणे ती दोन टप्प्यांत पाणी शुद्ध करीत. सेंद्रिय घाण व रोगजंतू यांचे प्रमाण पुष्कळ कमी करीत. परंतु पाण्यात विरघळलेले स्फुरद त्यांतून बहुतांशी तसेच निसटे. कपडे धुण्याच्या नव्या चूर्णांमुळे त्यात आणखी भर पडत होती. डोळ्यांना स्वच्छ दिसणारे पाणी सरोवराच्या दृष्टीने खतच होते. आरोग्यखात्याच्या कसोटीला उतरलेले पाणी सरोवराला अपायकारक ठरू शकते, हे ओळखण्यासाठी वेगळ्या प्रकारचे मोजमाप आवश्यक होते.

३. तीन वर्षांच्या नोंदी

१९५५ च्या उन्हाळ्यात सरोवरात ऑसिलेटोरिया रुबेसेन्स या तंतुमय नीलहरित शैवालाची लक्षणीय वाढ आढळली. हे शैवाल सरोवरविज्ञानाच्या अभ्यासकांना अपरिचित नव्हते. स्वित्झर्लंडमधील झुरिच सरोवरात ते १८९८ साली दिसू लागले होते आणि त्यामागोमाग त्या सरोवराची अवस्था बिघडत गेली होती. १९४७ साली विस्कॉन्सिनच्या आर्थर हॅस्लर यांनी नागरी सांडपाण्यामुळे बिघडलेल्या सरोवरांचा आढावा घेतला, त्यात या व अशा इतर उदाहरणांची नोंद होती. तेव्हा सिअॅटलमध्ये हे शैवाल दिसताच एडमंडसन यांना त्याचा संकेत कळला.

परंतु संकेत म्हणजे पुरावा नव्हे. एका उन्हाळ्यात एक शैवाल दिसले, एवढ्यावरून सरोवर बदलत आहे असे सिद्ध होत नाही. ते पूर्वीही होते काय? सरोवराची स्थिती पूर्वी कशी होती? या प्रश्नांची उत्तरे १९५५ सालच्या पाण्यात सापडणे शक्य नव्हते. ती जुन्या वह्यांतच सापडली असती.

सुदैवाने अशा वह्या होत्या. १९३३ साली विद्यापीठाचे एक विद्यार्थी व्हिक्टर शेफर यांनी या सरोवरातील प्लवकांचा अभ्यास आरंभिला होता. रसायनशास्त्राचे अध्यापक रेक्स रॉबिन्सन यांच्या सहकार्याने पाण्याचे तापमान, प्राणवायू व विद्राव्य द्रव्ये यांचीही निरनिराळ्या खोलींवर नोंद झाली. हा अभ्यास १९३९ साली प्रसिद्ध झाला. शेफर पुढे सागरी सस्तन प्राण्यांचे तज्ज्ञ म्हणून नावारूपाला आले. सरोवराशी त्यांचा व्यावसायिक संबंध उरला नाही. नंतर १९५० च्या सुमारास गॅब्रिएल कोमिटा आणि जॉर्ज अँडरसन या दोघा संशोधक विद्यार्थ्यांनी याच सरोवरावर काम केले. कोमिटा यांचे लक्ष एका सूक्ष्म कवचधारी प्राण्याच्या जीवनचक्राकडे होते, तर अँडरसन ऋतुमानाप्रमाणे वनस्पतिप्लवकांत होणारा बदल पाहत होते. दोघांचाही हेतू पदवीसाठी प्रबंध लिहिण्याचा होता. सांडपाण्याचा प्रश्न त्यांच्या विषयात बसत नव्हता.

या तीन वेळच्या नोंदी एका ओळीत ठेवल्या, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. खालच्या थरातील प्राणवायूची उन्हाळी घट १९३३ पेक्षा १९५० मध्ये अधिक वेगाने होत होती आणि १९५५ मध्ये त्याहूनही अधिक वेगाने. पूर्वीच्या प्लवकसूचींत ऑसिलेटोरिया रुबेसेन्सचे नाव नव्हते. एडमंडसन, अँडरसन व पीटरसन यांचा या विषयावरील लेख १९५६ साली, ‘लिम्नॉलॉजी अँड ओशनोग्राफी’ या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात प्रसिद्ध झाला. सरोवराचे अतिपोषण होत आहे व त्याचे कारण सांडपाणी आहे, हे त्याचे सार होते.

या नोंदींचे मोल नेमके कशात होते? त्यांचे विषय आज फारसे कोणाला आठवत नाहीत. शेफर यांनी प्लवकांविषयी काय निष्कर्ष काढले, कोमिटा यांनी त्या लहान प्राण्याच्या पिढ्या कशा मोजल्या, हे तज्ज्ञांपुरते उरले आहे. निष्कर्षांच्या आधी त्यांनी जे नोंदले, म्हणजे अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक खोलीवर प्राणवायू किती, तापमान किती, जाळीत कोणते जीव आले, ते मात्र टिकले. ते टिकले याचे कारण असे की, मोजण्याची पद्धत लिहून ठेवलेली होती आणि ती पुन्हा करता येण्याजोगी होती. १९३३ सालच्या विद्यार्थ्याने आपली खोली अंदाजाने लिहिली असती, अथवा केवळ सरासरी देऊन मूळ आकडे टाकून दिले असते, तर बावीस वर्षांनी कोणालाही तुलना करता आली नसती.

४. शास्त्र आणि मतदान

पुढील भाग राजकारणाचा आहे. पण त्यातही या नोंदींचे स्थान आहे. सरोवराभोवती अनेक स्वतंत्र नगरे होती आणि प्रत्येकाची सांडपाण्याची व्यवस्था निराळी. सर्वांसाठी एक महानगर संस्था असावी, या विचाराचा पुरस्कार करणाऱ्यांत जेम्स एलिस हे वकील अग्रभागी होते. १९५६ च्या अखेरीस एडमंडसन यांनी त्यांना पत्र लिहिले आणि पुढील पत्रव्यवहारात सरोवराविषयी लोकांच्या मनात येतील अशा प्रश्नांची उत्तरे दिली. सांडपाणी येत राहिले तर काय होईल, आणि ते थांबविले तर काय होईल, या दोन्ही बाजूंची भाकिते त्यांत होती. खर्च करावयाचा की नाही, हे ठरविणे नागरिकांचे काम होते. त्या निर्णयाचा परिणाम काय होईल, एवढे सांगणे शास्त्रज्ञाचे.

१९५७ साली राज्याच्या विधिमंडळाने अशा संस्थेला अनुमती देणारा कायदा केला. मार्च १९५८ मधील पहिल्या मतदानात प्रस्ताव फेटाळला गेला. सिअॅटलने अनुकूल कौल दिला होता. परंतु बाहेरच्या भागांत आवश्यक ते बहुमत मिळाले नाही. त्या प्रस्तावात सांडपाण्याबरोबर वाहतूक व नगररचना हे विषयही होते. सप्टेंबर १९५८ मध्ये क्षेत्र आटोपशीर करून आणि केवळ सांडपाण्यापुरताच अधिकार ठेवून प्रस्ताव पुन्हा मांडला गेला व तो संमत झाला. कामाचा खर्च सुमारे साडेबारा कोटी डॉलर अपेक्षिलेला होता. त्या वेळी सरोवर अद्याप पूर्णपणे बिघडलेले नव्हते. त्यात लोक पोहत होते. डोळ्यांपुढे दिसणाऱ्या घाणीसाठी खर्च करावयास लोक तयार होतात. पुढे होणाऱ्या घाणीसाठी तयार होतात असे क्वचितच घडते. येथे तसे घडले, यात भाकितामागे असलेल्या जुन्या आकड्यांचा वाटा मोठा होता.

५. वळवणूक आणि पडताळणी

सांडपाणी वळविण्यास १९६३ साली प्रारंभ झाला आणि १९६८ मध्ये काम पुरे झाले. सर्व उपनगरांचे मलजल मोठ्या वाहिन्यांनी एकत्र आणून नव्या केंद्रांत शुद्ध करण्यात येऊ लागले व सरोवराऐवजी प्यूजेट साउंड या समुद्रखाडीच्या खोल व प्रवाही पाण्याकडे नेण्यात येऊ लागले. आरंभीच्या उन्हाळ्यांत सरोवराची स्थिती अत्यंत वाईट होती. १९६३ मध्ये सेकीची तबकडी सुमारे एक मीटर खोलीवरच दिसेनाशी होत होती.

सरोवर सुधारेल काय, याविषयी शंका घेणारेही होते. तळाच्या गाळात साठलेले स्फुरद वर्षानुवर्षे वर येत राहील, असे काहींचे मत होते. दुसरीकडे शैवालाच्या वाढीला स्फुरद कारण नसून कर्बद्रव्य किंवा नत्र हे खरे कारण आहे, असे प्रतिपादन केले जात होते. या वादाला धुण्याच्या चूर्णांच्या व्यवसायाच्या हितसंबंधांचीही किनार होती. वॉशिंग्टन सरोवर त्यामुळे एका विशाल प्रयोगपात्राचे काम करू लागले. सांडपाणी टप्प्याटप्प्याने कमी होत होते आणि मोजमाप अखंड चालू होते.

एडमंडसन यांनी १९७० साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. हिवाळ्यातील स्फुरदाचे प्रमाण १९६३ च्या तुलनेत २८ टक्क्यांपर्यंत उतरले होते. नत्राचे प्रमाण मात्र वर्षागणिक कमीजास्त होत ८० टक्क्यांच्या वर राहिले होते. कर्बवायूतही मोठी घट नव्हती. उन्हाळ्यातील शैवालाच्या हरितद्रव्याचे प्रमाण हिवाळ्यातील सरासरी स्फुरदाशी अत्यंत निकटपणे जुळत होते. नत्राशी अथवा कर्बवायूशी तसे जुळत नव्हते. वादाचा निकाल पुष्कळ अंशी येथेच लागला.

या निष्कर्षातील एक शब्द उन्हाळी संशोधनाचा विचार करणाऱ्यांनी मुद्दाम अधोरेखित करावा असा आहे. तो शब्द म्हणजे हिवाळा. शैवाल उन्हाळ्यात दिसते, दुर्गंधी उन्हाळ्यात येते, तक्रारी उन्हाळ्यात होतात आणि विद्यार्थी उन्हाळ्यात मोकळे असतात. पण उन्हाळ्यात वाढणारे शैवाल विद्राव्य स्फुरद झपाट्याने शोषून घेत असल्यामुळे त्या काळी पाण्यात ते फारच थोडे शिल्लक सापडते. जो केवळ उन्हाळ्यातच पाणी तपासील, त्याला शैवाल अमाप आणि स्फुरद नगण्य असे दिसेल. आणि स्फुरदाचा शैवालाशी संबंध नाही, असा अगदी उलटा निष्कर्ष तो प्रामाणिकपणे काढील. उन्हाळा परिणाम दाखवितो. कारणाचा साठा हिवाळ्यातच मोजावा लागतो. वॉशिंग्टन सरोवरावरील विद्यार्थ्यांचे काम सार्थकी लागले, कारण एका कायम विभागाने ते वर्षभराच्या नोंदींच्या साखळीत गुंफले.

६. अनपेक्षित फळ

साखळी तुटू दिली नाही, याचे आणखी एक फळ १९७६ मध्ये मिळाले. स्फुरद उतरून स्थिरावले होते, आता नवे काही घडणार नाही असे वाटत होते. आणि त्या वर्षी पाणी अकस्मात पूर्वी कधी नव्हते इतके नितळ झाले. तबकडी दहा मीटरांहून अधिक खोलीपर्यंत दिसू लागली. स्फुरदातील घटीने एवढ्या बदलाचा उलगडा होत नव्हता.

शोध घेता असे आढळले की, पाणी गाळून शैवाल खाणारा डॅफ्निया हा सूक्ष्म प्राणी सरोवरात विपुल झाला आहे. पूर्वी तो का नव्हता? त्याची दोन कारणे पुढे आली. ऑसिलेटोरियाचे लांब तंतू डॅफ्नियाच्या गाळणीत अडकून त्याच्या भक्षणात व्यत्यय आणीत. हे शैवाल आता नाहीसे झाले होते. तसेच डॅफ्नियाला खाणारा निओमायसिस नावाचा कोळंबीसदृश प्राणी १९६० च्या दशकाच्या मध्यापासून घटला होता, कारण त्याच्यावर उपजीविका करणारे स्मेल्ट मासे वाढले होते. त्या माशांची वाढ सीडर नदीतील परिस्थितीच्या बदलाशी संबंधित असल्याचे दिसते. सांडपाण्याशी वरवर संबंध नसलेली ही साखळी उलगडता आली, कारण प्लवकांची मोजणी दर वर्षी होत होती. १९५० च्या सुमारास विद्यार्थ्यांनी प्लवकांतील जीव मोजण्याची जी शिस्त पाळली, तिचाच हा विस्तार होता. या सर्व अनुभवाचे विवेचन एडमंडसन यांनी १९९१ साली ‘द यूजेस ऑफ इकॉलॉजी’ या ग्रंथात केले. २००० साली त्यांचे निधन झाले.

७. उदाहरणाच्या मर्यादा

या यशापासून घाईने सर्वसामान्य नियम काढणे योग्य होणार नाही. वॉशिंग्टन सरोवर खोल आहे. त्याचे पाणी सुमारे अडीच-तीन वर्षांत बदलते. येणाऱ्या नद्यांचे पाणी स्वच्छ आहे. आणि बिघाडाचा काळ तुलनेने अल्प होता. खालच्या थरातील प्राणवायू पूर्णपणे संपला नसल्यामुळे गाळातील स्फुरद बव्हंशी गाळातच राहिले. शंकेखोरांची भीती येथे खरी ठरली नाही, म्हणून ती सर्वत्र निराधार होती असे नाही.

स्वीडनमधील वेक्शो शहरालगतचे ट्रुमेन सरोवर याचा दाखला देते. हे सरोवर अगदी उथळ. १९५८ साली त्यात येणारे सांडपाणी बंद करण्यात आले. तरीही दहा वर्षांनंतर शैवाल हटले नव्हते. लुंड विद्यापीठाच्या स्वेन ब्यॉर्क यांच्या मार्गदर्शनाखाली अभ्यास झाला. सांडपाण्याच्या काळात साचलेला वरचा काळा गाळच आता पाण्याला स्फुरद पुरवीत आहे, असे गाळाच्या थरांवरून दिसून आले. १९७० व १९७१ च्या उन्हाळ्यांत मिळून सुमारे एक मीटर जाडीचा गाळ उपसण्यात आला आणि त्यानंतरच पाणी सुधारले. एका सरोवराला जे औषध पुरेसे झाले, ते दुसऱ्याला पुरे पडले नाही. आणि दोन्ही ठिकाणी उपाय ठरविण्यापूर्वी मोजमाप झाले, हे दोन्ही उदाहरणांतील साम्य होय. शिवाय सिअॅटलचे सांडपाणी नाहीसे झाले नव्हते, ते दुसऱ्या पाण्यात गेले होते, याचेही विस्मरण होता कामा नये.

८. आपल्या उन्हाळी अभ्यासासंबंधी

महाराष्ट्रातील पवई, रंकाळा, अंबाझरी यांसारखे जलाशय वॉशिंग्टन सरोवरापेक्षा पुष्कळच उथळ असून त्यांतील कित्येकांभोवती दाट वस्ती आहे. ट्रुमेनचा दाखला त्यांना अधिक जवळचा. आपल्याकडे ऋतूंचे चक्रही निराळे आहे. सिअॅटलच्या विद्यार्थ्याचा उन्हाळा हा थर वेगळे होण्याचा काळ. आपल्या विद्यार्थ्याची सुट्टी येते ती जलाशय सर्वांत आटलेला असताना, आणि बहुधा संपते ती पहिल्या पावसाच्या सुमारास. नाल्यांतून, रस्त्यांवरून व शेतांतून सारी द्रव्ये जलाशयात येतात ती नेमकी त्यानंतर. तेथे जसा हिवाळा, तसा येथे पावसाळा हा कारणांचा ऋतू आहे; आणि उन्हाळी वृत्तान्तात त्याला बहुधा जागा नसते.

यावरून उन्हाळी अभ्यास निरुपयोगी आहे असे नव्हे. तो कशासाठी योग्य आहे, एवढेच ठरवावे लागेल. सहा आठवड्यांत जलाशयाच्या बिघाडाचे कारण शोधून त्यावर उपाय सुचवावा, अशी अपेक्षा आपण विद्यार्थ्याकडून करतो. वृत्तान्ताच्या शेवटी शिफारशींची यादी असते आणि तिच्याच आधारे गुण दिले जातात. इतिहास मात्र असे सांगतो की, विद्यार्थ्याच्या वृत्तान्तातील निष्कर्षांपेक्षा त्याची परिशिष्टे अधिक दीर्घायुषी असतात. तेव्हा नमुन्याची जागा पुन्हा सापडेल अशा रीतीने नोंदणे, खोली व वेळ लिहिणे, पृथक्करणाची पद्धत सांगणे, मूळ आकडे सरासरीत न बुडविणे आणि काही आढळले नाही तर तेही लिहून ठेवणे, या गोष्टींना गुणदानात पहिले स्थान असावे. जे शैवाल १९३३ च्या सूचीत नव्हते, त्याचे नसणे हाच १९५५ सालचा पुरावा झाला.

उरलेला भाग विभागाचा आहे. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याने त्याच जागी, त्याच पद्धतीने मोजावे. पावसाळ्यातील व हिवाळ्यातील नोंदी कायम सेवकवर्गाने घ्याव्यात. आणि सर्व वह्या एका ठिकाणी, मागताच सापडतील अशा रीतीने ठेवाव्यात. या व्यवस्थेला फार मोठ्या द्रव्याची आवश्यकता नाही, सातत्याची आहे. विद्यार्थी दर वर्षी बदलतात, त्यांचे विषयही बदलतात. शेफर सागरी प्राण्यांकडे वळले. त्यांनी मोजलेले पाणी मात्र बावीस वर्षांनी साक्षीला उभे राहिले, कारण ती वही कोणीतरी जपून ठेवली होती आणि ती उघडून पाहण्याची गरज कोणालातरी भासली होती. विद्यार्थ्याने वही नीट लिहावी, ही अपेक्षा रास्तच आहे. ती नीट सांभाळली जाईल, हे आश्वासन त्याला विभागाकडून मिळाले पाहिजे.